चाकू हातात घेतला आणि परत ठेवला : कशामुळे? अनुभव सांगा

भांडीबाजारात परवा एक देखणा चाकू हातात घेतला आणि लगेच परत ठेवला. मुठीच्या कडेला पोलादाची पट्टी दिसत नव्हती, म्हणजे पात्याचा दांडा आत जेमतेम गेलेला असू शकतो. असा चाकू लाल भोपळ्यात घालून दाबला की सांधा हलायला लागतो. माझा नकार इथेच पक्का होतो. तुमचा कशावर होतो? घर, मळा, हॉटेल, कुठलाही अनुभव चालेल. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

पंचवटी
दातेरी पातं. नवं असताना टोमॅटो झकास कापतं, पण दात झिजले की घरचा निसणा कामाचा नाही. प्रत्येक दाताची खाच बारीक गोल कानशीने वेगळी घासावी लागते. आमच्या गल्लीत सायकलवर धार लावणारे काका येतात, ते असा चाकू घेतच नाहीत. पावाला ठीक आहे, रोजच्या भाजीला नको.

दिंडोरी
आमच्याकडे डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या खालच्या रोपावर, द्राक्षाची पाचर कलमं करतात (काडीला पाचरीसारखा काप देऊन ती खुंटाच्या चिरेत बसवतात). त्याच्या चाकूला एकाच बाजूने उतार हवा, दुसरी बाजू साफ सपाट. दोन्हीकडून उतार असला की पातं काडीत शिरताना वळतं आणि काप खोलगट येतो. मग पाचर खुंटाच्या चिरेत नीट बसत नाही, सालीखालचे हिरवे थर जुळत नाहीत. डोळा फुटतो, चार पानं दाखवतो आणि सुकतो. वर्षभर वाढवलेला खुंट असतो हो तो! दुसरी गोष्ट, घडीच्या चाकूचं पातं. कलम करणारे कारागीर ते उघडून आधी डावी-उजवीकडे हलवून बघतात. जरा हललं की चाकू दुकानदाराला परत. त्यांचं बरोबरच आहे, जोर लावताना पातं मिटलं तर बोट जातं.

सिडको
रंगीत लेपाची पाती. धार लावली की कडेचा रंग जाणारच. मग तो लावायचा कशाला?

कॉलेज रोड, हॉटेलातलं स्वयंपाकघर
पातं आणि मूठ यांच्या मधला जाड भाग थेट धारेपर्यंत उतरलेला असेल तर मी चाकू घेत नाही. दगडावर मुठीजवळची धार टेकत नाही. बाकीची झिजत जाते आणि तिथे खळगा पडतो. मग कोथिंबीर कापली तरी काड्या एकमेकींना चिकटून राहतात.
फार कडक पोलादही माझ्या कामाचं नाही. कडकपणाच्या रॉकवेल मापावर ६० च्या वरची पातळ जपानी पाती धार छान धरतात, पण मटणाच्या हाडाला लागली की कपचा उडतो. ५६-५८ ची जर्मन पद्धतीची पाती लवकर बोथट होतात, पण सहज धारेवर येतात. गर्दीच्या स्वयंपाकघरात मला तीच हवीत.

नाशिक रोड
लाकडी मुठीवरून मी डोळे मिटून नख फिरवते. रिव्हेटपाशी अडकलं तर नको. त्या फटीत कांद्याचा रस आणि पाणी मुरतं.

गंगापूर रोड
दिंडोरीचे दादा, मी डावखुरा आहे. बाजारातला एकबाजू उताराचा चाकू माझ्या हातात तिरकाच कापतो, म्हणून घेणंच सोडलं. काही उपाय?

दिंडोरी
लोहाराकडून उलट्या उताराचा करून घ्या. पात्याला पाणी देण्याआधीच, म्हणजे तापवून बुडवून कडक करण्याआधीच सांगा. नंतर इतकं घासताना पातं तापलं तर पाणी उतरतं, म्हणजे तो कडकपणा जातो आणि धार टिकत नाही.