ओझोनला ‘भोक’ पडतं की तो ‘विरतो’?

प्रश्नकर्ती: एक विज्ञानलेख तपासतेय. लेखकाने सगळीकडे ‘ओझोन विवर’ लिहिलंय. विवर म्हटलं की मला कृष्णविवरच दिसतं. छिद्र, भोक, भगदाड, खिंडार... काय ठेवू?

प्रतिसाद 1: यातलं एकही नको. भोक म्हणजे आरपार. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीलगतच्या दाबाला आणि 0 अंश तापमानाला आणला, तर जेमतेम 3 मिमीचा पापुद्रा होतो. तेच 300 डॉब्सन; डॉब्सन हे ओझोन मोजायचं एकक. 220 च्या खाली गेलं की ‘होल’ म्हणायची रीत आहे. म्हणजे 2 मिमीहून जास्त शिल्लक असतानाच भोक! जुनं कापड उजेडासमोर धरलं की पलीकडचं दिसतं, पण ते फाटलेलं नसतं. त्याला आपण ‘विरलं’ म्हणतो. ओझोन विरतो.

प्रतिसाद 2: शब्द झकास, पण कापड विरायला वर्षं लागतात. अंटार्क्टिकावर हे काही आठवड्यांत उरकतं. ध्रुवीय रात्रीत स्थितांबराचं, म्हणजे ओझोन असतो त्या वरच्या थराचं, तापमान उणे 78 अंशांच्या खाली गेलं की तिथे ढग धरतात. एरवी गुमान बसणारे हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट त्या ढगांच्या कणांवर एकमेकांशी भिडतात आणि क्लोरीन वायू सुटतो. सूर्य परतला की त्याचे अणू सुटे होतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 14 ते 20 किमीच्या पट्ट्यात ओझोन जवळजवळ उरतच नाही. तेवढ्यापुरतं भोकच की!

प्रतिसाद 1: मग तिपदरी कापडाचा मधला पदर गेला म्हणा. एकूण कापड विरलंच.

प्रश्नकर्ती: आणि ‘क्लोरीन ओझोन खातो’?

प्रतिसाद 2: खाणाऱ्याचं पोट भरतं, याचं भरत नाही. क्लोरीन ओझोनचा एक ऑक्सिजन घेऊन क्लोरीन मोनॉक्साइड होतो. असे दोन रेणू जोडी जमवतात, उजेड लागला की जोडी फुटते आणि दोन्ही क्लोरीन पुन्हा मोकळे. थंडी नसेल तर ही जोडी टिकतही नाही. ‘फोडतो’ लिहा. ‘उत्प्रेरक’, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवणारा, हा शब्द एकदाच येऊ द्या, दर ओळीत नको.

प्रश्नकर्ती: बरं. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश हॅली तळावरच्या ओझोनच्या नोंदी छापून आल्या, तेव्हापासून ‘होल’ रुळलाय, म्हणून मथळ्यात ‘छिद्र’ ठेवते; आत ‘विरणं’. त्या ढगांना लेखकाने ‘मोतिया ढग’ म्हटलंय. त्यांतले काही खरंच शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकतात म्हणे. त्याला हात लावणार नाही.