आयर्विनला किती फूट? – सांगली, मिरज, कुपवाडकरांचे अनुभव

विश्रामबागची (धागाकर्ती)

पावसाळ्यात सांगलीत पाहुण्याचा फोन आला तरी पहिला प्रश्न ठरलेला: आयर्विनला किती फूट? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५७ च्या वर गेला आणि २००५ चा पूर मागे पडला. लगेच दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा पन्नाशी ओलांडली. मधल्या काळात कोरोना येऊन गेला. डेंग्यू तर दरवर्षीचाच.

एवढं सगळं सोसलेल्या शहरात माणसांच्या जिवासाठी, तब्येतीसाठी, सुरक्षेसाठी काही ना काही चाललेलं असतं. उद्घाटनाचे फोटो पेपरात येतात, ते इथं नकोत. ते काम तुमच्या दारापर्यंत कसं आलं, आणि आलं नसेल तर कुठं अडलं, एवढंच लिहा. पालिका, आरोग्य खातं, पोलीस, गल्लीतलं मंडळ, सगळं चालेल. कोणाची नावं नकोत. आणि हात जोडून सांगते, अलमट्टी धरणाचा वाद इथं काढू नका, त्यावर आपली भांडणं आधीच भरपूर झाली आहेत.

गावभागातली सून

आमच्याकडे जिन्याजवळ भिंतीवर सासऱ्यांनी २००५ ची रेघ ओढून ठेवली होती. २०१९ ला पाणी वाढायला लागलं तेव्हा घरातलं सगळं त्या रेघेच्या वर चढवलं. धान्य, कागदपत्रं, पोरांची दप्तरं. सगळ्या गल्लीनं असंच केलं होतं, कारण २००५ च्या वर पाणी येऊच शकत नाही असं सगळ्यांनी धरलेलं. रात्रीतून रेघ बुडाली. आम्ही माडीवर, लाइट नाही, आणि सासूबाईंचं इन्सुलिन बंद पडलेल्या फ्रिजमध्ये.

त्या वेळी आकडा कळत होता, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. बावन्न फूट म्हणजे माझ्या उंबऱ्यापासून किती लांब, हे कोण सांगणार? २०२१ ला स्पीकरची गाडी लवकर आली. व्हॉट्सअ‍ॅपवरही यादी फिरत होती, अमुक फुटाला अमुक गल्लीत पाणी. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड ही नावं नेहमीप्रमाणे वर आणि आमची गल्ली बरीच खाली. पण आमचाही आकडा त्यात होता. तो यायच्या आधीच आम्ही नणंदेकडे विश्रामबागेत पोचलो. सासूबाईंची औषधं थर्मासमध्ये बर्फ घालून नेली. इन्सुलिन बर्फाला टेकू द्यायचं नाही, गोठलं की उपयोगाचं राहत नाही, हे निवारा केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं.

कोणी काय केलं असं विचारलंत तर मी ती यादी म्हणेन. कोट्यवधींची कामं झालीही असतील, मला त्यातलं कळत नाही.

वाडीकर

आमची सांगलीवाडी म्हंजे पूर आला की बेटच. एकोणीसला लई जण घर सोडंनात. पेपरवाल्यांनी लिव्हलं, लोक ऐकत न्हाईत, अडाणी हायत. आवो, दावणीला दोन म्हशी हायत, त्या सोडून माणूस बोटीत कसा बसंल? एकवीसला आदी जनावरांची सोय बगितली. टेम्पो आलं, वैरणीचं सांगितलं, मग माणसं आपसूक हालली. जनावर हाललं की बाईमाणूस, पोरं समदी हालत्यात. हे एवढं ज्याला सुचलं त्याला माजा नमस्कार.

दुसरं, ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला बोट उलटली तवापास्नं जाकीट घातल्याबिगर कोण बोटीत घेत न्हाई. पूर यायच्या आदी बोटी पाण्यात घालून, इंजिन चालू करून बगत्यात. आदी बोट असायची, पर पेट्रोल कुटं हाय त्ये शोधाय लागायचं.

आशा, शामरावनगर भाग

वेळ मिळाला तसं लिहितेय, शुद्धलेखन बघू नका.

आमचा भाग काळ्या मातीचा, गुंठेवारीतला, म्हणजे गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट पाडून विकलेला. पाऊस पडला की पाणी मुरत नाही आणि निघून जायला वाटही नाही. मोकळ्या प्लॉटात गुडघाभर डबकं. डेंग्यूच्या सर्व्हेला दारात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ताई, आमच्या घरात काय बघताय, तो प्लॉट बघा की! लोकांचा राग खोटा नाही. त्या डबक्यातून डास होतातच आणि चावतातही. पण डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. आमच्या बॅटरीच्या उजेडात अळ्या सापडतात त्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, देव्हाऱ्याजवळच्या मनी प्लँटच्या बाटलीत, गच्चीवरच्या टायरमध्ये. आणि सगळ्यात जास्त बॅरेलमध्ये. पाणी रोज येत नसेल तर माणूस भरून ठेवणारच. त्याला “साठवू नका” म्हणणं मला बरोबर वाटत नाही. मी म्हणते, साठवा, पण वरून जुनी साडी ताणून बांधा आणि आठवड्यातून एकदा बॅरेल आडवं करून आतून घासा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

मोठ्या घरात फाटक उघडत नाहीत. एका बंगल्यात मला सांगितलं, आमच्याकडे असले प्रकार नसतात. कारंजं होतं अंगणात, बंद. मी आत नुसती बॅटरी मारली. मालकीणबाई वाकून बघत राहिल्या, मग स्वतःच बादली घेऊन आल्या. तेव्हापासून त्या गल्लीत मला कोणी अडवत नाही, त्याच पुढं चालतात.

पुरानंतरच्या गोळ्यांचंही सांगते. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीच्या, म्हणजे डॉक्सीसायक्लिनच्या, गोळ्या वाटल्या. चिखलात, पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना त्या द्यायच्या असतात. गरोदर बाया आणि लहान पोरं सोडून. दुसऱ्या दिवशी त्याच गोळ्या गटारीत पडलेल्या दिसल्या. विचारलं तर म्हणे, मळमळतंय. साहजिक आहे, दिवसभर गाळ उपसायचा आणि रिकाम्या पोटी गोळी घ्यायची! मग आम्ही मंडळाच्या पोरांशी बोललो. जिथं खिचडी वाटतात तिथंच, जेवण झाल्यावर, पाण्याच्या ग्लासाबरोबर गोळी हातात. समोरच गिळायची. त्यानंतर गटारीत गोळी दिसली नाही.

मिरजेचा निवृत्त डॉक्टर

आशाताई, तुमचं लिहिणं आमच्या कॉलेजात वाचून दाखवायला हवं. थोडी भर घालतो. तुमच्याकडे लोक “धूर मारा” म्हणून मागे लागत असतील. धूर दिसतो, वास येतो, गाडी आली की पोरं मागे पळतात, म्हणून तो लोकांना काम वाटतो. पण धुरानं मरतो तो उडणारा डास. पाण्यातली अळी तशीच राहते आणि आठवड्याभरात पुन्हा डास. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा एक कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, पाळायचा तो याच हिशोबानं.

मिरजेबद्दल एक बोलतो, थोडं कडू आहे. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. आज कर्नाटकातून रेल्वेनं पेशंट येतात आणि गल्लीगणिक पाट्या आहेत. आम्हाला त्याचा अभिमान आहे आणि असावा. पण दवाखान्यांच्या गावात आजार बरा करणाऱ्याला जो मान आहे, तो आजार होऊ न देणाऱ्याला नाही. पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायला पहाटे नळापाशी छोटी बाटली घेऊन उभा राहणारा माणूस तुम्ही कधी पाहिलात? पाण्यात थेंब टाकतो, पिवळा रंग आला की वहीत टिपतो आणि पुढे जातो. जलवाहिनी गटारीजवळून जाते अशा जुन्या पेठांमध्ये त्या पिवळ्या रंगावर किती घरांची पोटं अवलंबून असतात! त्याला कधी कोणी चहा विचारलेला मी पाहिला नाही.

स्टेशन रोड रिक्षा

डॉक्टरसाहेब, आमी इचारतो चहा. आमच्या स्टॉपवर समद्यांना मिळतोय.

माजा अनुभव पोलिसांचा हाय आणि चांगला हाय, हसू नका. पूर्वी ॲक्सिडेंट झाला की आमी रिक्षावालं तोंड फिरवून जायचो. माणूस रिक्षात घेतला तर जबाब, कोर्ट, आणि वर “तूच ठोकलास काय” म्हणून दम. एकदा ट्रॅफिकच्या साहेबांनी स्टॉपवर येऊन मीटिंग घेतली. उचलून न्या, नाव सांगायची बी जबरदस्ती न्हाई म्हणालं. आमाला खरं वाटंना. मग एकदा मिरज-सांगली रोडवर एक पोरगं गाडीवरनं पडलेलं, हेल्मेट न्हाई, काय न्हाई. १०८ ला फोन लावला. पलीकडच्या बाईनं सांगितलं, मान हलवू नका, रक्त येतंय तितं कापड दाबून धरा. गाडी येस्तवर बाई फोनवरच. मी त्येच्या संगं दवाखान्यापर्यंत गेलो आणि माजं नाव कुणी इचारलं सुद्धा न्हाई. पोरगं वाचलं. आता येतंय कदीमदी स्टॉपवर. हेल्मेट अजून घालत न्हाई, त्ये सोडा.

कोर्टकचेरी

रिक्षावाले दादा, साहेबांनी सांगितलं ते तोंडी आश्वासन नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलंय. मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगायची सक्ती नाही. स्टॉपवर लावायला छापून देतो, पत्ता कळवा.

आमराई, पहाटे साडेपाच

आमराई बागेत व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली त्याला बरीच वर्षं झाली. सुरुवातीला आम्ही पेन्शनर मंडळी त्यावर बसून पेपर वाचायचो. आता बायका येतात, ड्रेसवर, साडीवर, आणि आम्हाला उठवतात. हा बदल मला फार मोठा वाटतो. माझी आई याच गावात आयुष्यभर राहिली, पण मोकळ्या हवेत नुसतं चालायला म्हणून ती कधी घराबाहेर पडली नाही. देवळाचं निमित्त लागायचं.

व्यायामानंतर भडंग खाणाऱ्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. मी त्यांच्यातलाच आहे.

हॉस्टेलची, तिसरं वर्ष

मुलींच्या सुरक्षेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. कॉलेजात पोलिसांचं पथक येतं, ११२ नंबर सांगतात, मोबाइलवर काय दाबायचं ते दाखवतात. चांगलं आहे. पण माझा रोजचा प्रश्न नंबरचा नाही. क्लास सुटल्यावर स्टॉपवर उभं राहायचं आणि शेवटची सिटी बस येणार की नाही हे कोणालाच माहीत नसायचं. रस्त्यावर पांढरे एलईडी लागले तेव्हा वाटलं, झालं, आता भीती नाही. पण उजेड असलेला रिकामा रस्ताही रिकामाच असतो. मला खरी सोबत असते ती स्टॉपशेजारच्या चहाच्या टपरीची. ते काका बस येईपर्यंत बंद करत नाहीत. अतिक्रमणाची गाडी आली की टपरी आठवडाभर गायब होते आणि आम्ही मुली रिक्षाचे पैसे जमवत बसतो. सुरक्षेची मीटिंग घेतात तेव्हा त्या काकांनाही बोलवा, एवढंच.

पुण्यात, मूळ खणभाग

मार्च २०२० मध्ये तेव्हाच्या इस्लामपुरात परदेशातून आलेल्या एकाच कुटुंबात कोरोना सापडला, आकडा पंचवीसच्या वर गेला आणि देशभर सांगली जिल्ह्याचं नाव झालं. मी पुण्यात अडकलेलो, आईवडील इथं. पुढं आमची गल्ली बांबू लावून बंद केली. आई सांगायची, रोज एक मुलगी येते, दाराबाहेरून ताप बघते, बोटाला चिमटा लावते आणि “काका, आज जेवलात का?” विचारते. वडील सुरुवातीला चिडायचे. नंतर ती यायच्या वेळेला शर्ट बदलून बसायला लागले. ऑक्सिजन ९० च्या खाली आलेला त्या मुलीनंच पकडला. वडिलांना धापही लागलेली नव्हती, त्यामुळे घरात कोणालाच शंका नव्हती. वेळेत बेड मिळाला. ती कोण, कुठली, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मास्कच्या वरचे डोळे सोडून काही दिसलंच नाही.

घाटावरचा

मी उन्हाळ्यात पोरांना कृष्णेत पोहायला शिकवतो. हे कुठल्या योजनेत बसत नाही, पण नदीकाठच्या गावात पोहता येणं हीसुद्धा सुरक्षाच. फक्त शेरीनाल्याचं पाणी मिसळलं की मी पोरांना उतरवत नाही. वासावरून कळतं. सांडपाणी उचलून धुळगावकडे न्यायची योजना माझ्या तरुणपणापासून ऐकतोय, आता माझा नातू पोहतो. मासे मेले की चार दिवस नमुने घेतात. नाल्याचं पाणी रोज तपासून त्याचा आकडा घाटावर फळ्यावर लिहा. फुटाचा आकडा लोक बघतात तसा हाही बघतील.

नवीन सभासद

आशाताई, आमच्या फ्रिजचा मागचा ट्रे निघतच नाही, स्क्रू आहे. काय करू?

आशा, शामरावनगर भाग

आधी फ्रिजचा प्लग काढा. मग जुनं फडकं आत सारून पाणी टिपून घ्या, दर रविवारी. टिपलेलं फडकं बादलीत पिळू नका, उन्हात टाका. आणि एसी असेल तर त्याच्या पाइपखाली ठेवलेला डबापण बघा, तो सगळे विसरतात.