मदत हवी आहे: टॉय हॉलरच्या भिंतीतले स्टड (आतले उभे आधार) नेमके शोधायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मी ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहतो. गेल्या वर्षी एक जुना टॉय हॉलर घेतला. नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हा मोठा कॅम्पर ट्रेलर. पुढे राहायची सोय आणि मागे गॅरेज. गॅरेजचं दार खाली पाडलं की त्याचाच रॅम्प होतो आणि मोटरसायकल आत चढवता येते. थंडी पडली की मी आणि माझी चौदा वर्षांची लेक दोन डर्ट बाइक घेऊन कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर जातो.

मागच्या फेरीला ब्लाइदहून ७८ नंबरच्या हायवेने गेलो. तो रस्ता सारखा खाली-वर होतो, ट्रेलर हिंदकळत होता. पोहोचून रॅम्प पाडला तर आधीच्या मालकाने भिंतीला ठोकलेली फळी उपटून आली होती आणि टूलबॉक्स लेकीच्या बाइकवर पडला होता. रेडिएटर फुटला, फरशीवर हिरवं कूलंट सांडलेलं. तिची बाइक एकदाही सुरू न करता परत आलो. वाटेत ती काही बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

स्क्रू निघाला त्या भोकात बोट घालून पाहिलं. जेमतेम तीन मिलिमीटरची प्लाय, तिच्यामागे पांढरा थर्मोकोल. म्हणजे स्क्रू कशातच बसलेला नव्हता!

आपल्याकडे भिंत विटांची, रावळप्लग घालून कुठेही स्क्रू मारा. अमेरिकेतल्या घरात आल्यावर सोळा-सोळा इंचांवर स्टड शोधायची सवय झाली. इथे मात्र दोन्ही हिशोब चालत नाहीत. घरचा इलेक्ट्रॉनिक स्टड फाइंडर सगळीकडे सारखाच पिपाणी वाजवतो. लोहचुंबक फिरवलं, तर चार-पाच ठिकाणी चिकटलं, पण ती ठिकाणं एका रेषेत नाहीत. ठोकून पाहिलं, आवाज सगळीकडे सारखाच. बाहेरून भिंत गुळगुळीत फायबरग्लासची आहे.

बाइक भिंतीला बांधायच्या नाहीत, त्या फरशीत बसवलेल्या डी-रिंगांनाच (लोखंडी कड्यांनाच) पट्ट्यांनी आवळतो. भिंतीवर हेल्मेटं, बूट, घडीचं टेबल आणि हत्यारांची पिशवी एवढंच, सगळं मिळून पंधरा-वीस किलो. आंधळेपणाने ड्रिल मारायला धीर होत नाही. आत वायर असतील, आणि बाहेरचं फायबरग्लास फुटलं तर पाणी शिरेल. कुणी हे काम केलंय का?

*

प्रतिसाद:

थर्मोकोल आणि बाहेर गुळगुळीत फायबरग्लास म्हणजे तुमची भिंत लॅमिनेटेड आहे, म्हणजे सगळे थर एकमेकांना चिकटवलेली. आतला सांगाडा ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा असणार, म्हणून चुंबक फसतंय. ते फक्त लोखंडी स्क्रू पकडतंय. आणि नळ्या सोळा इंचांवर नसतात. खिडकी, दार, चाकाची कमान, कपाट जिथे, तिथे त्या त्याप्रमाणे सरकवलेल्या असतात.

थर्मल कॅमेरा (गरम-गार भाग वेगळे दाखवणारा) भाड्याने आणा किंवा फोनला लावायचा घ्या. थंड पहाटे ट्रेलर तासभर हीटरने गरम करा आणि आतून भिंत पाहा. ॲल्युमिनियममधून उष्णता थर्मोकोलपेक्षा कितीतरी लवकर बाहेर जाते, त्यामुळे नळ्या गार पट्ट्यांसारख्या उठून दिसतात. दमट भागात पहाटेच्या दवानेही बाहेरून हा सांगाडा उमटतो, पण तुमच्या वाळवंटात दवाची वाट पाहत बसू नका.

पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा. मग बारीक बिटने, हळूहळू, एकच भोक पाडून खात्री करा. पांढरा चुरा आला तर थर्मोकोल, चमकदार कुरळी कीस आली तर नळी. बिटला टेप गुंडाळून खोली आधीच ठरवा. भिंतीची जाडी मोजायला खिडकीची आतली रिंग मात्र काढू नका, बऱ्याच ट्रेलरांत खिडकी त्याच रिंगेने धरलेली असते. स्विचचं झाकण काढून पाहा, पण त्याआधी बाहेरची वीज आणि बॅटरी दोन्ही तोडा. वायर स्विचपासून आडव्याही धावतात, त्या रांगेत भोक नको.

*

प्रतिसाद:

एका नळीवर भार टाकू नका. बारा मिलिमीटर प्लायची लांब पट्टी तीन नळ्यांवर आडवी बसवा आणि हुक त्या पट्टीला लावा. नळीची भिंत पातळ असते, साधा स्क्रू हादऱ्याने सैल होतो. रिव्हनट घाला, म्हणजे भोकात घट्ट बसणारा आट्यांचा नट, आणि बोल्ट त्यात आवळा. टूलबॉक्ससारखी जड वस्तू फरशीवरच ठेवा, तिला भिंतीचा आधार नकोच.

*

धागालेखक:

दोघांचे मनापासून आभार. शनिवारी पहाटे साडेपाचला लेकीला उठवलं, तिनेच कॅमेरा धरला. उजव्या भिंतीवर सहा पट्ट्या लख्ख दिसल्या, दोन पट्ट्यांतलं अंतर कुठे चौदा इंच, कुठे बावीस. तिसऱ्या पट्टीवर भोक पाडलं आणि बिटला चांदीसारखी कीस गुंडाळून आली. आम्ही दोघं ओरडलोच! प्लायची पट्टी बसली. तिच्यावर मी हातांनी लोंबकळून पाहिलं, तसूभर हलली नाही. टूलबॉक्स आता फरशीवर डी-रिंगला बांधलाय.

एक अडलंय. डाव्या भिंतीला चाकाच्या कमानीवर एक रुंद गार पट्टा दिसतो, पण दोन्ही भोकांतून पांढरा चुराच आला. मी तिथे आणखी भोकं पाडणं थांबवलंय. त्या जागी काय असावं? पाणी मुरून थर्मोकोल ओला झाला तरी असं दिसतं का?