शेजाऱ्याने तपासलेला माल 'सेंद्रिय' म्हणून घ्याल का?

दिंडोरीकर:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून मांडतो. आमचा दिंडोरी तालुक्यातला छोटा गट आहे, भाजीपाला आणि थोडी द्राक्षं, पीजीएस सर्टिफिकेट आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पीजीएस म्हणजे सहभागी हमी पद्धत. किमान 5 शेतकऱ्यांनी गट करायचा, शपथ घ्यायची, एकमेकांच्या शेतावर जाऊन तपासायचं, कागद भरायचे, मग त्यावर नेमलेल्या रिजनल कौन्सिल या संस्थेकडून सर्टिफिकेट. सुरुवातीला 'पीजीएस ग्रीन', रासायनिकवरून सेंद्रियवर यायचा, म्हणजे रूपांतरणाचा, काळ संपला की 'पीजीएस ऑरगॅनिक'. ही काही आम्ही पारावर बसून काढलेली पद्धत नाही, केंद्र सरकारची आहे, आणि एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2017 च्या नियमांत एनपीओपी (त्रयस्थ कंपनीकडून तपासून घ्यायची सरकारी पद्धत) आणि पीजीएस दोन्ही मान्य आहेत, सेंद्रिय मालावरचा जैविक भारतचा लोगो दोघांनाही मिळतो.
तरी नाशिकला गंगापूर रोडला माल लावला की हमखास ऐकायला मिळतं, "तुमचं तुम्हीच दिलेलं सर्टिफिकेट, त्याला काय अर्थ?" माझं म्हणणं आहे की शेजाऱ्याइतकी कडक तपासणी दुसरं कोणी करूच शकत नाही. तो रोज बांधावरून जातो. कुठली गोणी उतरली, पंप कधी चालला, सगळं त्याला दिसतं. बोला.

कॉलेजरोडवाली:
दादा, तुमच्यावर वैयक्तिक काही नाही, पण मी ग्राहक म्हणून स्पष्ट बोलते. घरात लहान मुलं आहेत, भाजीला दुप्पट पैसे मोजते, तर मला खात्री हवी. शेजाऱ्याला दिसतं हे मान्य. पण दिसलेलं तो सांगेल का हा प्रश्न आहे. गावात सोयरीक असते, विहिरीच्या पाण्याचे वाटे असतात, सोसायटीची निवडणूक असते. जवळचा असेल तर झाकणार आणि भांडण असेल तर नसलेलं काढणार. आणि गटातल्या एकाचं उघड झालं तर अख्ख्या गटाचं नाव खराब, मग कोण तोंड उघडेल? मला लॅबचा रिपोर्ट दाखवा, विषय संपला.

निफाडचा बागायतदार:
ताईंचं बरोबर आहे. 2010 ला युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं औषध, सापडून माल अडकला तेव्हा एक्स्पोर्टवाल्यांचं काय झालं ते निफाड-पिंपळगावात अजून कोणी विसरलेलं नाही. तेव्हा कोणी विचारलं नाही की शेजारी काय म्हणतो. आज ग्रेपनेटला, म्हणजे एक्स्पोर्टच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, प्लॉट रजिस्टर होतो, प्लॉटचा सॅम्पल लॅबला जातो, रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही. दुसरं असं की गोडी (फळासाठीची) छाटणी झाली, पोंगे म्हणजे डोळे फुटून घड बाहेर पडले आणि त्यात चार दिवस ढगाळ हवा अन् पाऊस, डाऊनी, म्हणजे केवडा रोग, घडावर चढायला लागला की समोर अख्खं वर्ष जाताना दिसतं, त्या रात्री नुसत्या बोर्डोवर, म्हणजे सेंद्रियात चालणाऱ्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणावर, हात बांधून बसणारे किती आहेत? मी तरी बसणार नाही. आणि बसतो म्हणणाऱ्याचा मला रिपोर्ट लागेल, त्याच्या मित्राची सही नको.

दिंडोरीकर:
काका, डाऊनीचं खरंय, म्हणून तर आमच्या गटात द्राक्षवाले कमी आणि भाजीवाले जास्त. पण रिपोर्टवर तुम्ही सगळे फार भार टाकताय. रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या, रिपोर्टमध्ये युरिया दिसतो का? डीएपी दिसतं का? नाही दिसत. फवारणी आणि काढणी यातलं अंतर बरोबर पाळलं तर केमिकल मारलेला मालसुद्धा रिपोर्टात पास होतो. त्याला रेसिड्यू फ्री म्हणा, चांगलीच गोष्ट आहे, पण ते सेंद्रिय नव्हे. सेंद्रिय म्हणजे पिकवायची पद्धत, आणि पद्धत शेतावरच बघावी लागते.
आमच्याकडे तपासणीला गेलो की पीक बघायला फार वेळ लागत नाही. आधी शेड, मग बांधाच्या कडेचं गवत, कारण रिकाम्या बाटल्या तिथेच फेकलेल्या असतात, पंपाच्या टाकीचं झाकण उघडून वास, आणि शेवटी कृषी सेवा केंद्राची उधारी. शेतकरी औषध-खत उधारीवरच उचलतो. कुठल्या तारखेला काय उचललं ते दुकानदाराकडे लिहिलेलं असतं, आणि गावातलं दुकान कोणतं, तालुक्याचं कोणतं हे बाहेरून आलेल्या इन्स्पेक्टरला कसं कळणार?

निफाडचा बागायतदार:
उधारीच्या वहीत घरातलं सगळं उघडं पडतं भाऊ, ती कोणी दाखवत नाही.

दिंडोरीकर:
आमच्या गटात यायचं तर ती दाखवायचीच, ही अट पहिल्या दिवशी सांगतो. एक-दोन जण त्यावरूनच आले नाहीत.

सुरगाण्याहून:
आमच्या बाजूचं पण ऐका. आमच्याकडे नागली (नाचणी), वरई, पावसावरचा भात. उतारावरच्या नागलीला कोणी औषध मारत नाही, परवडतच नाही. आता एवढ्याशा रानासाठी त्रयस्थ कंपनीची फी, इन्स्पेक्टरचा येण्याजाण्याचा खर्च, वर इंग्रजीतले कागद, हे सगळं भरून नागली किती रुपयांनी विकायची? त्यामुळे पीजीएस नसेल तर आम्हाला लेबल म्हणून काहीच नाही.
पण दिंडोरीकर भाऊ, आतलं दुखणं पण सांगायला पाहिजे. 2015 ला सेंद्रिय गटांसाठी केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आली, 20 हेक्टरचा क्लस्टर, 3 वर्षं अनुदान. आमच्या भागात त्यातून गट उभे राहिले ते कागद जमवून. काही लोकांना आपण गटात आहोत हेच माहीत नाही. तपासणीचे फॉर्म एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने भरलेले मी डोळ्यांनी बघितले. अनुदान थांबलं आणि गट पण थांबला. शपथ घेतली कोणी आणि पाळली कोणी? अशा गटाचा आणि तुमच्या गटाचा लोगो एकच आहे, मग ग्राहकाने फरक कसा ओळखायचा?

पंचवटीकर:
मी अॅग्री करून काही वर्षं सर्टिफिकेशनच्या कामात होतो, म्हणून दोन शब्द. त्रयस्थ म्हणजे शंभर नंबरी हा समज काढून टाका. इन्स्पेक्टर साधारण वर्षातून एकदा येतो, तेही कळवून. एनपीओपीमध्ये शेतकऱ्यांचा मोठा गट असला की आतली तपासणी गटाचीच माणसं करतात, बाहेरचा माणूस त्यातले काही प्लॉट निवडून बघतो. म्हणजे शेजारी तिथेही आहेच, फक्त वर कंपनीचा शिक्का. आणि 2021 च्या जानेवारीत अमेरिकेने आपल्या एनपीओपीला दिलेली मान्यता काढून घेतली, तीही शिक्क्याची व्यवस्थाच होती ना. हां, एक्स्पोर्टला पीजीएस चालत नाही, तिथे दुसरा मार्ग नाही. पण दिंडोरी ते गंगापूर रोड एवढ्यासाठी पीजीएस पुरेसं आहे, गट खरा असेल तर.

कॉलेजरोडवाली:
"गट खरा असेल तर", इथेच अडतंय ना सगळं! तो खरा आहे हे मी घरात बसून कसं ओळखू? पीजीएस मधला पी म्हणजे सहभाग, मग त्यात ग्राहक कुठे आहे? ब्राझीलमध्ये इकोव्हिडा नावाचं जाळं आहे, तिथे ग्राहकही सहभागी असतात असं वाचलंय. आपल्याकडे शेतकऱ्याने शेतकऱ्याला तपासायचं आणि आम्ही फक्त लोगो बघायचा. मला तपासणीला येऊ द्या. फॉर्म फोटो काढून टाका जिथे मला वाचता येईल, कोणी तपासलं त्याचं नाव, तारीख, काय सापडलं. ज्या गटाच्या फॉर्ममध्ये वर्षानुवर्षं एकही चूक सापडत नाही त्या गटाचा माल मी घेणार नाही, कारण शेती म्हटली की काहीतरी सापडणारच.

दिंडोरीकर:
ताई, हे पटलं. तपासणीला या, डाऊनीच्या दिवसांतच या, कारण खरी परीक्षा तेव्हाच असते. फॉर्मवर तपासणाऱ्याची सही असतेच, नाव पाकिटावर छापायला माझी हरकत नाही. गटात विचारतो, एक-दोघं कुरकुर करतील, कारण नाव छापलं की उद्या काही निघालं तर जबाबदारी त्याच्या गळ्यात. पण ती गळ्यात पडायलाच पाहिजे. मात्र तुमची लॅबची अट दर वेळी नको. लहान शेतकऱ्याला मेथीच्या दर खेपेला टेस्ट परवडत नाही. गटातून वर्षाला चिठ्ठी टाकून एकाचा सॅम्पल, खर्च सगळ्यांत वाटून, एवढं करता येईल.

निफाडचा बागायतदार:
करा, पण माझ्या फवारणीच्या ब्लोअरचं काय करणार? माझी बाग तुमच्या बांधाला लागून असती तर वाऱ्याने फवारा तुमच्या दोडक्यावर आलाच असता. चिठ्ठीत नेमका तो प्लॉट निघाला, रिपोर्ट फेल, आणि तुम्ही काही केलेलंच नाही. तेव्हा गटातून कोणाला काढणार?

दिंडोरीकर:
बांधाकडच्या ओळींचा माल आम्ही सेंद्रिय म्हणून विकत नाही, साध्या भावात मार्केटला जातो. तो तोटा आमचाच. त्याची भरपाई फवारणाऱ्याने द्यावी असा नियम आपल्याकडे असल्याचं मला तरी माहीत नाही, आणि तो व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सुरगाण्याहून:
आमची अडचण याच्या पुढची. नागली घरातून निघते तेव्हा स्वच्छ असते, मी सही करायला तयार आहे. पुढे ती नाशिकला गिरणीत जाते, पीठ होतं, पाकीट भरलं जातं. तिथे दुसऱ्याची नागली मिसळली तर पाकिटावर नाव माझंच. गिरणीत कोण उभं राहणार?

दिंडोरीकर:
गटाची स्वतःची गिरणी होईपर्यंत पीठ विकू नका भाऊ, अख्खी नागली विका, गटाच्या शिलाईने बंद केलेल्या पोत्यात. भाव कमी मिळेल.

सुरगाण्याहून:
शहरात अख्खी नागली घेतं कोण? ताई, तुम्ही घ्याल?

कॉलेजरोडवाली:
घेईन. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून पाच-सहा घरं घेतील. पोत्यावर नाव आणि तारीख पाहिजे.