मदत हवी आहे: दाराच्या पॅनेलला हार्डबोर्ड, प्लाय की एबीएस (कडक प्लास्टिकची शीट)?

मंडळी, जुन्या गाडीच्या चारही दारांची आतली पॅनेलं नव्याने बनवायचीयत आणि मटेरियलपाशी गाडं अडलंय. मूळचं हार्डबोर्ड, वर पातळ फोम आणि रेक्झिन. खालच्या कडेला पार फुगलंय, नखाने खरवडलं तरी पापुद्रे सुटतात, क्लिपांची भोकं इतकी सैल झालीत की क्लिप आत जाते पण धरत नाही, मग खड्डा आला की खडखड सुरू.

कारण कळलंय. काचेच्या फटीतून पाणी दारात जाणारच, ते तळाच्या भोकांतून निघून जातं, पण पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाटला की ओल थेट हार्डबोर्डला. तो कागद ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) नवीन लावतोय, तळाची भोकंही मोकळी केलीत, तेव्हा "आधी गळती बघा" हे सोडून बोला 🙂

हार्डबोर्डच परत घ्यायचं तर वळतं छान, स्टेपल बसतात, पण प्रत्येक कड आणि प्रत्येक भोकाची आतली बाजू वार्निशने बंद करत बसा, एखादं राहिलं की तिथूनच पाणी पिणार. ३ मिमी वॉटरप्रूफ प्लाय मजबूत आहे, मात्र एकाच दिशेने नीट वाकतं आणि भोकांपाशी चिरफळ्या उडतात. पीव्हीसी फोम बोर्ड लोण्यासारखा कापला जातो, पण उन्हात बंद गाडीत मऊ पडून पोक काढेल, म्हणून तो बादच.

राहता राहिलं ३ मिमी एबीएस. पाण्याची कटकट नाही, हीट गनने हवं तिथे वाकवता येतं, माझा कल तिकडेच. पण हे तापलं की वाढतं, मीटरभर लांबीला ४० डिग्रीच्या फरकात साधारण ३ मिमी. म्हणजे मधली एक क्लिप घट्ट आणि बाकीची भोकं लांबट ठेवली तर चालेल ना? की तरी मध्ये फुगा येतो?

आणि खरी अडचण रेक्झिनची. कड मागे दुमडल्यावर ३ मिमी एबीएसमध्ये स्टेपल मारायचा म्हणजे पांढरा चरा किंवा सरळ तडाच, म्हणजे सगळा भार चिकटवायच्या सोल्युशनवर. साध्या सोल्युशनमधलं सॉल्व्हंट एबीएसला खातं असं वाचलंय, शिवाय उन्हात ते ढिलं पडून कोपऱ्यातलं ताणलेलं रेक्झिन सुटणार. मागून पट्टी रिव्हेट करून कड दाबून टाकायची कोणी करून पाहिलीय का? आणि पट्टी आली की पॅनेल दारापासून किती उचललं जातं, क्लिपा पुरतात का?