‘वॉटर्लू’चं ‘पानिपत’ करायचं का? कादंबरीच्या अनुवादातले इंग्रजी वाक्प्रचार

कसबा पेठ
इंग्रजी कादंबरीत ‘ही मेट हिज वॉटर्लू’ आलं की मराठीत सरळ ‘त्याचं पानिपत झालं’ लिहावं, असं माझं ठाम मत आहे. वाचक कथेत बुडालेला असतो. नेपोलियन 18 जून 1815 ला कुठे हरला, हे त्याला तळटीपेत सांगून काय साधतं? दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आपल्या पुण्यातच तयार झाला. तो उघडला की बहुतेक वेळा जोडीचा वाक्प्रचार मिळतो. परक्या गावाचं नाव तसंच ठेवलं की वाचकाच्या दाताखाली खडा येतो.

मुठाकाठ
नाही पटलं. वॉटर्लूला इंग्रज जिंकले होते, त्यामुळे इंग्रज पात्र हे म्हणतं तेव्हा त्यात ‘बरी जिरली’ असा सूर असू शकतो. पानिपतावर 14 जानेवारी 1761 ला आपली माणसं गेली. त्या शब्दामागून सुतक येतं. आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकाला सदाशिवरावभाऊ कुठून माहीत? ‘शेवटी त्याला शेरास सव्वाशेर भेटला’ एवढं पुरतं.

‘ध चा मा’चंही तेच. लंडनच्या कारकुनाने कागदात फेरफार केला की हा वाक्प्रचार हाताशी येतोच, पण त्या दोन अक्षरांसरशी वाचक 1773 च्या शनिवारवाड्यात, नारायणरावांच्या खुनापाशी जाऊन उभा राहतो.

कसबा पेठ
‘शेरास सव्वाशेर’ मान्य. पण ‘गणितात पानिपत झालं’ म्हणताना कोण सुतक पाळतं? तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय.

डेक्कन
जोडी शोधणं पुढचं काम. आधी इथे वाक्प्रचार आहे हे कळायला हवं, आणि जास्त चुका तिथेच होतात. ‘ही वॉज सेंट टू कॉव्हेंट्री’चं ‘त्याला कॉव्हेंट्रीला पाठवलं’ होतं, आणि पुढच्याच पानावर तो मुलगा त्याच वसतिगृहात जेवत असतो! वाक्य प्रसंगात बसत नसेल तर तिथे पेन्सिलने खूण करा. मग ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्या वाक्प्रचाराची जुनी उदाहरणं सालांसकट बघा. कथेच्या काळात त्याचा अर्थ काय होता, ते तिथे कळतं.

अर्थ कळला तरी वजन तोलावं लागतं. कॉव्हेंट्रीचा अर्थ ‘कुणीही त्याच्याशी बोलायचं नाही’. ‘वाळीत टाकलं’ चटकन सुचतं, पण त्यात जातपंचायत आहे, गावाने तोडलेलं पाणी आहे. त्याविरुद्ध आपल्याकडे 2016 चा कायदा करावा लागला. शाळकरी मुलांसाठी ‘सगळ्यांनी त्याच्याशी अबोला धरला’. खाणकामगारांनी संपफोड्याला असं वागवलं असेल, तर मात्र ‘वाळीत टाकलं’च.

मुठाकाठ
अगदी. पहिल्या महायुद्धातले इंग्रज सैनिक मेलेल्या सोबत्याबद्दल ‘गॉन वेस्ट’ म्हणत. ‘पश्चिमेला गेला’ लिहिलं तर तो फ्रान्सातून इंग्लंडला परतला असं वाटेल. आपली यमाची दिशा दक्षिण, म्हणून ‘दक्षिणेला गेला’ करण्याची हुशारीही नको. मराठीत नुसतं ‘तो गेला’ म्हटलं की माणूस गेलेलाच असतो.

कसबा पेठ
खेळाचं काय? ‘स्टिकी विकेट’ समजवावं लागत नाही.

डेक्कन
‘चिकट विकेट’ लिहिलं तर लागतं. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत. पावसाने भिजून वर ऊन पडलं की चेंडू कुठे उसळेल, किती वळेल याचा नेम राहत नसे. ‘पावसाने बिघडलेल्या खेळपट्टीवर उभा आहे’ म्हटलं की तो अडचणीत आहे, हे पुणेकराला कळतं. ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ बेसबॉलचं, तिथे मैदान सोडून द्या आणि ‘ध्यानीमनी नसताना’ लिहा.

आणि प्रतिमा पुढे परत येते का, हे बघितल्याशिवाय काहीच ठरवू नका. इंग्लंडमधलं न्यूकॅसल हे पूर्वी कोळशाचं बंदर होतं, म्हणून ‘तिथे कोळसा नेणं’ म्हणजे व्यर्थ खटाटोप. पात्र पुढे खरंच कोळशाचा व्यापारी निघालं, तर तुमचं ‘कोकणात नारळ नेणं’ तिथे अडकतं.

कसबा पेठ
मग तिथे काय, तळटीप?

डेक्कन
‘कोळशाच्या खाणीत कोळशाची पोती नेण्यासारखं आहे हे.’ गावाचं नाव गेलं, कोळसा राहिला. तळटीप लागत नाही आणि पुढचं प्रकरणही जुळतं.