रात्री साडेदहानंतर गोड खाल्ल्याशिवाय झोपच येत नाही, काय करू?

अबोली_४३:
नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, काल रात्रीच्या प्रकारानंतर आज लिहितेच आहे. वय ४३, उंची ५ फूट २, जानेवारीत वजन ७६ होतं आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले डायबिटीस नाही अजून पण काठावर आहात, वजन उतरवा. माझ्या आईला २० वर्षं डायबिटीस होता, शेवटी पायाची दोन बोटं काढावी लागली, ते ड्रेसिंग मी रोज स्वतः केलंय, त्यामुळे हे माझ्यासाठी नुसतं बारीक दिसण्याचं प्रकरण नाहीये.

राहते डोंबिवलीला, ऑफिस फोर्टला. सकाळी अर्धी डिश पोहे किंवा उपमा खाऊन पावणेआठची लोकल, दुपारी एकला डबा म्हणजे २ पोळ्या आणि पालेभाजी नाहीतर फळभाजी, साडेचारला बिनसाखरेचा चहा, मग घरी पोचेपर्यंत सव्वाआठ आणि नऊला जेवण. जेवण म्हणजे सूप आणि काकडी टोमॅटो. भात पूर्ण बंद, साखर बंद. हे सगळं मी मनापासून पाळते आणि ७६ वरून ७१.५ वर आले. पण गेले दोन महिने काटा तिथेच अडकलाय आणि कारण मला माहितीये.

साडेदहाला सगळे झोपतात, मी ओटा पुसते, उद्याची भाजी चिरून ठेवते आणि मग हात आपोआप डब्याकडे जातो. बेसनाचे लाडू असले तर दोन, नाहीतर पोळीला तूप साखर लावून गुंडाळी, ते पण नसेल तर मुलाच्या दुधात घालायची चॉकलेट पावडर चमच्याने कोरडीच. काल तीन लाडू उभ्या उभ्या खाल्ले आणि नंतर रडले. सकाळी सासूबाई म्हणाल्या, लाडू संपले वाटतं, थांब आज परत वळते. त्या प्रेमाने करतात, त्यांना कसं सांगू की करू नका.

मला विचारायचंय की दिवसभर इतकं सगळं जमतं मग रात्रीच असं का होतं? साखरेऐवजी गूळ किंवा खजूर खाल्ला तर चालेल का? शुगर फ्री गोळ्या घालून घरी काही केलं तर?

सातारची_माई:
अबोली, अगं तुला गोड नाही, भूक लागलेली असते. दुपारी एकच्या दोन पोळ्यांवर तू रात्री नऊपर्यंत राहतेस, मध्ये लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास, घरी आल्यावर ओट्यापाशी उभी, आणि पानात काय तर सूप आणि काकडी. शेतावर राबणाऱ्या बाईला कुणी असं जेवण वाढलं असतं तर आपण त्याला दुष्ट म्हटलं असतं. तुझ्या अंगाला सगळ्यात पटकन ताकद देणारी वस्तू हवी असते आणि ती लाडवात असते, म्हणून हात तिकडे जातो. रडू नकोस बाई त्यावरून.

मी ६१ वर्षांची, शाळेतून रिटायर झाले तेव्हा ८१ किलो होते, दीड वर्षात ७२ वर आले. पहिले सहा महिने तुझ्यासारखंच केलं, रात्री फक्त ताक नाहीतर फळ, आणि अकरा वाजता गूळ शेंगदाणे. फरक पडला तो रात्रीचं जेवण परत सुरू केल्यावर. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट मुगाचं वरण किंवा मटकीची उसळ, भाजी, कोशिंबीर. आणि आठच्या आत. तुला आठ जमणार नाही, मग निदान संध्याकाळी काहीतरी पोटात टाक.

दुसरं असं की गोड बंद करू नकोस, पानात घे. आपल्याकडे नैवेद्याचं पान वाढतात त्यात गोड पहिल्यापासून पानात असतं, सगळं संपल्यावर वेगळं काही येत नाही. वरणभाताबरोबर, पुरीबरोबर, आमटीचा घोट घेत ते खाल्लं जातं आणि पोट भरतं तिथे गोडही थांबतं. मी दुपारच्या पानात अर्धा लाडू किंवा चमचाभर मोरांबा घेते, बसून खाते, सगळ्यांच्या समोर खाते. चोरून खाल्लेल्याचं समाधान होत नाही ग, म्हणून मग एकाचे तीन होतात.

आहारतज्ज्ञ_नागपूर:
माईंशी सहमत. १४ वर्षं हे काम करतेय आणि संध्याकाळी पाच ते नऊ उपाशी आणि रात्री साडेदहाला फ्रिज उघडा ही गोष्ट मी नोकरी करणाऱ्या बायकांकडून जवळजवळ रोज ऐकते.

थोडं आकड्यात सांगते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं, म्हणजे तुम्हाला साधारण ६० ग्रॅम. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला २५ च्या आसपासच दिसतंय, कारण डाळ, उसळ, दही, अंडं, पनीर काहीच नाही, आहे ते सगळं पोळीतलं आणि चहातल्या दुधातलं. प्रोटीन कमी असलं की पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. पालेभाजी उत्तम आहे पण तिच्या जोडीला डब्यात वाटीभर उसळ हवी. संध्याकाळी निघताना मूठभर फुटाणे, ३० ग्रॅमचे, ११० ते १२० कॅलरी आणि ६ ग्रॅमच्या वर प्रोटीन.

आता एक लाडू बघा. ४० ग्रॅमचा धरला तर साधारण १५ ग्रॅम बेसन, १० ग्रॅम तूप, १५ ग्रॅम साखर. तुपाच्या ९०, साखरेच्या ६०, बेसनाच्या पन्नास पंचावन्न, म्हणजे एकाचे २०० झाले. कालचे तीन म्हणजे ६००, आणि तुमचं रात्रीचं सूप शंभरचंही नसेल. जेवणात वाचवलेलं सगळं आणि वर थोडं तिथे परत येतं, म्हणून काटा हलत नाही. तुमच्या प्रयत्नात खोट नाहीये, मांडणी चुकलीय.

गुळाबद्दल: कॅलरी साखरेच्या जवळपास तितक्याच, रक्तातली साखरही वाढतेच. गूळ चांगला म्हणून मोठा खडा खाणारे पेशंट मी खूप पाहिलेत, त्यामुळे ही समजूत मला खरंच काढून टाकावीशी वाटते. खजूर एखाददुसरा चालेल, सोबत चार बदाम किंवा अक्रोड. गोळ्यांबद्दल, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नका असाच सल्ला दिलाय (आधीपासून डायबिटीस असलेल्यांसाठी तो सल्ला नाही). माझा अनुभव असा की गोळ्या घातल्या तरी जिभेला रात्रीच्या गोडाची सवय तशीच राहते.

आणि काटा थांबलाय म्हणून घाबरू नका. चेन्नईचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, तुमच्यासारख्याच काठावरच्या भारतीय लोकांवर केलेला. आहार सुधारला आणि नियमित चालले त्यांच्यात तीन वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. चालण्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाहीये, जेवणानंतर शतपावली तरी करता का?

रात्रपाळी_चाकण:
सगळ्यांचं वाचलं, पण माझा अनुभव वेगळा आहे तो सांगतो. ताई, अर्धा लाडू खाऊन डबा बंद करणं हे प्रत्येकाला जमत नाही. मला नाही जमत. मी कंपनीत शिफ्टला असतो, ९४ किलो होतो, थोडं थोडं घेईन म्हणून सहा महिने घालवले आणि प्रत्येक वेळी अर्ध्याचा अख्खा डबा. शेवटी बायकोशी बोलून घरात गोडाचा साठा करायचा बंद केला. सणाला करायचं, त्या दिवशी खायचं, उरलेलं शेजारी आणि बहिणीकडे द्यायचं. रात्री खावंसं वाटलंच तर कपडे घालून, गाडी काढून दुकानात जावं लागेल इतकं लांब ठेवलं. दहातल्या नऊ वेळा मी जात नाही. आज ८३ आहे.

तुम्ही झोपेचं काही लिहिलं नाही. पावणेआठच्या लोकलसाठी पाचला उठत असाल आणि झोपायला बारा होत असतील तर पाचच तास होतात. शिकागोमध्ये २००४ साली तरुण मुलांवर प्रयोग केला होता, दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर भूक वाढली, आणि जास्त करून गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांचीच वाढली. रात्रपाळीच्या आठवड्यात माझं हेच होतं, डे शिफ्टला तीच इच्छा निम्मी असते.

कोकणातला_फणस:
एकच गोष्ट, ताईंना लागू नाही पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू पडेल म्हणून लिहितो. डायबिटीसच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी किंवा इन्सुलिन, तर रात्रीचं जेवण मनाने कमी करू नका. माझ्या सासऱ्यांनी वजनासाठी रात्री नुसतं दूध घ्यायला सुरुवात केली, अकराला दरदरून घाम, हात थरथरतायत आणि गोड द्या गोड द्या म्हणतायत, आम्हाला वाटलं हट्ट करतायत. मशीनवर साखर ५४ आली. ७० च्या खाली गेली की लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. ते क्रेव्हिंग नसतं, तिथे वाट बघायची नसते.

मेतकूट_तूप_भात:
अबोली तुझं वाचताना एक वाक्य मनात राहिलं. सगळे झोपतात आणि मग. पहाटे पाचपासून त्या क्षणापर्यंत तू कुणाची तरी आहेस, मुलाची, ऑफिसची, घराची. साडेदहाला पहिल्यांदा कुणी हाक मारत नाही आणि तेव्हा तू स्वयंपाकघरातच उभी असतेस, मग स्वतःला द्यायला तिथे काय मिळणार, लाडूच ना. माझं हे अगदी असंच होतं म्हणून कळतं. भूक भागवून सुद्धा माझी निम्मी इच्छा शिल्लक राहायची, ती अशी सुटली की ओटा आणि भाजी चिरणं नवऱ्याकडे दिलं (पहिले पंधरा दिवस वाद झाले, झाले तर झाले), दहाला दात घासून टाकते, स्वयंपाकघराचा दिवा बंद, आणि बाल्कनीत अर्धा कप गरम दूध जायफळ घालून, साखर न घालता. वीस मिनिटं. फोन नाही. ती वीस मिनिटं मला लाडवापेक्षा जास्त हवी होती हे मला फार उशिरा कळलं.

अबोली_४३:
तीन आठवडे झाले, सांगायला आले. आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद, मेतकूट तुझं वाचून ट्रेनमध्येच डोळे भरून आले.

फुटाण्याची डबी पर्समध्ये असते, साडेपाचला ऑफिसातून निघतानाच खाते कारण गाडीत हात हलवायला जागा नसते. डब्यात उसळ सुरू केली, आदल्या रात्री मोड आलेली मटकी नाहीतर मूग. रात्री एक भाकरी आणि वरण, रविवारी दुपारी वाटीभर भात पण खाल्ला, चार महिन्यांनी, काय छान लागला. शतपावली सुरू केलीय, मुलगा पण येतो.

सासूबाईंशी बोलायला मला आठ दिवस लागले. त्यांना लाडू नका करू असं म्हटलंच नाही. आईच्या पायाचं सांगितलं, रिपोर्ट दाखवला, रात्री काय होतं ते पण सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, मला वाटलं रागावल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर लिंबाएवढे छोटे लाडू वळलेत आणि डबा त्यांच्या खोलीतल्या कपाटात. म्हणाल्या, दुपारच्या डब्यात एक देत जाईन, रात्री हवा असेल तर मला उठव. त्यांना उठवायचं मनात पण येत नाही.

एकवीस रात्रींपैकी पाच रात्री गोड खाल्लं गेलं. त्यातल्या चार पाळीच्या आधीच्या आठवड्यातल्या होत्या, हे पण मी पहिल्यांदाच लिहून ठेवलं म्हणून लक्षात आलं. त्या दिवसांत काय करावं हा प्रश्न आहेच. झोप अजून सहाच तास होते, भाजी चिरणं नवऱ्याकडे गेलंय पण ओटा नाही. वजन ७०.८.

माई, गणपती महिन्यावर आलेत. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, उकडीचे एकवीस मोदक नैवेद्याला आणि घरच्यांसाठी वेगळे. मी काय करू?

सातारची_माई:
अगं छान! तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

पाळीच्या आधी चार दिवस संध्याकाळचं खाणं थोडं वाढव, फुटाण्यांसोबत एक केळं घे, आणि लाडू एकाऐवजी दोन ठेवायला सांग डब्यात, दुपारीच. त्या दिवसांत भूक खरीच जास्त असते, तिच्याशी भांडू नकोस.

मोदक खा. दुपारी, पानात बसून, गरम असताना, वर तुपाची धार घालून. दोन खा, त्या दिवशी भात एकच मूद घे आणि संध्याकाळी आरतीच्या आधी नेहमीसारखे फुटाणे खा, तेवढं चुकवू नकोस, कारण पाहुण्यांच्या गडबडीत बाया दिवसभर उपाशी राहतात आणि रात्री ताटं आवरताना उरलेले मोदक तोंडात टाकतात. उरलेले संध्याकाळीच डबे भरून वाटून टाक. खिरापतीचा डबा मात्र सासूबाईंच्याच कपाटात.